विश्लेषण : ज्वालामुखीच्या बेटावर कॅराव्हॅनने जाता येते का?

लातूर आणि नांदेडमधल्या बऱ्याच घरांत आता एक तरी मूल परदेशात आहे. हैदराबाद किंवा पुण्यात शिकून अमेरिकेत, नाहीतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे गेलेले. दोन-तीन वर्षांनी आई-बाबांना बोलावणे येते आणि त्यासोबत व्हिडिओ कॉलवर एखादा बेतही येतो. ‘‘बाबा, या वेळी हवाईला जाऊ. आरव्ही भाड्याने घेऊ, त्यातच राहायचे, त्यातच स्वयंपाक. ज्वालामुखी बघू.’’ आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, टॉयलेटची सोय असलेली गाडी. आपल्याकडे तिला कॅराव्हॅन किंवा मोटरहोम म्हणतात. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन तिचीच चुलत बहीण.

खरे तर ही कल्पना मराठवाड्याला नवी नाही. क्रूझर जीप ठरवून, डिकीत शेगडी, सिलिंडर, पिठाचा डबा टाकून तिरुपतीला निघालेली कुटुंबे आपण पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. वारीत दिंडीमागून संसार घेऊन चालणारा ट्रक हेही त्याचेच रूप. त्यामुळे बेत ऐकायला सोपा वाटतो. अडचण अशी की ‘कॅराव्हॅन’, ‘बेट’ आणि ‘जागता ज्वालामुखी’ या तीन गोष्टी जगात फार थोड्या ठिकाणी एकत्र जमतात, आणि हवाई त्यांतले नाही. हे तिकिटे काढल्यानंतर कळले तर पैसा जातो, आणि सत्तरीच्या आईला भर पावसात तंबूत झोपायची वेळ येते.

हवाईत नेमके काय बघायचे असते?

हवाई हे अमेरिकेचे पॅसिफिक महासागरातले राज्य. त्यातल्या सर्वात मोठ्या बेटाचे नावही हवाईच, म्हणून गोंधळ टाळायला लोक त्याला ‘बिग आयलंड’ म्हणतात. याच बेटावर १९१६ साली स्थापन झालेले हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उद्यानात दोन जागते ज्वालामुखी येतात : किलाउएया आणि माउना लोआ. माउना लोआ ४,१६९ मीटर उंच. तो १९८४ नंतर थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटला. किलाउएया उंचीने बुटका, पण जगातल्या सर्वात क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक.

किलाउएयाच्या माथ्यावर हालेमाउमाउ नावाचे विवर आहे. स्थानिक हवाईयन लोकांच्या श्रद्धेनुसार ते पेले या देवीचे घर. २३ डिसेंबर २०२४ रोजी या विवरात उद्रेक सुरू झाला आणि २०२५ चे सगळे वर्ष तो थांबत-थांबत चालू राहिला. लाव्हाचे कारंजे उसळते, काही वेळा तीनशे मीटरहूनही उंच जाते, काही तासांनी बंद होते. मग कधी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे शांतता.

ही शांतताच बेत आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. मोबाइलवर दिसणारा व्हिडिओ पाच-सहा तासांच्या कारंज्याचा असतो. त्याच्या आधीचे बारा दिवस कुणी ‘स्टेटस’ला ठेवत नाही. तीन रात्रींचा मुक्काम करून लाव्हाचा एक थेंबही न बघता परतणारे पर्यटक भरपूर असतात. तिकीट लाव्हासाठी काढू नये, ज्वालामुखीसाठी काढावे. वाफाळणारी विवरे, लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेले नाहुकूसारखे बोगदे, समुद्रापर्यंत पसरलेली काळी मैदाने, हे सगळे उद्रेक नसतानाही जागेवरच असते.

मग तिथे आरव्ही का चालत नाही?

पहिले कारण भूगोल. मोठी आरव्ही मुख्य भूमीवरून जहाजाने न्यावी लागते. लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोला भाड्याने घेतलेली गाडी चालवत हवाईला जाण्याचा प्रश्नच नाही, कारण मधे पाच तासांच्या विमानप्रवासाइतका समुद्र आहे. हवाईच्या बेटाबेटांमध्येही गाड्या नेणारी फेरी आज नाही. ‘सुपरफेरी’ नावाचा एक प्रयत्न २००७ मध्ये सुरू झाला आणि २००९ मध्ये बंद पडला. एका बेटावर घेतलेली गाडी त्याच बेटावर परत करायची.

दुसरे कारण कायदा, आणि इथेच लोक फसतात. हवाई राज्याच्या कायद्यानुसार संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत गाडीचा वापर राहण्यासाठी करता येत नाही. समुद्रकिनारी गाडी लावली आणि पडदे ओढून झोपलो, हे इथे बसत नाही. गाडीत झोपायचे तर परवाना असलेल्या कॅम्पग्राउंडवरच, आणि तिथे गाडीत झोपू देतात का, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे विचारावे लागते.

तिसरे कारण सोयी. मुख्य भूमीवरच्या आरव्ही पार्कमध्ये वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. ज्वालामुखी उद्यानात गाडीने पोहोचता येईल अशी दोन कॅम्पग्राउंड आहेत : नामाकानिपाइओ आणि कुलानाओकुआइकी. दोन्हीकडे अशी जोडणी नाही. कुलानाओकुआइकीला तर पिण्याचे पाणीही नाही. जागा जेमतेम नऊ. उद्यानात इतरत्र गाडी उभी करून रात्र काढता येत नाही.

बेटावर छोट्या कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळतात, हे खरे. पण त्या म्हणजे मागची सीट काढून गादी टाकलेली व्हॅन. तरुण जोडप्याला मजेची, पण ज्यांना रात्री दोनदा उठावे लागते त्यांच्यासाठी शिक्षा. चार-पाच माणसांच्या कुटुंबाने साधी कार घ्यावी आणि उद्यानाच्या दाराशी असलेल्या व्हॉल्कॅनो गावात स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घ्यावे. विवराच्या कडेवरच उभे असलेले ‘व्हॉल्कॅनो हाउस’ हे हॉटेलही आहे, ते महाग. हवाईत मुक्कामाच्या भाड्यावर निरनिराळे कर मिळून सुमारे १८ ते १९ टक्के वाढतात. संकेतस्थळावर सुरुवातीला दिसणाऱ्या आकड्यात ते बहुधा नसतात.

जायचे कसे आणि खर्च कुठे अडतो?

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणांहून मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून हैदराबाद जवळ पडते. व्हिसाच्या मुलाखतीसाठी अमेरिकेचे वाणिज्य दूतावास हैदराबाद आणि मुंबई, दोन्हीकडे आहेत. पर्यटक व्हिसाचे मूळ अर्जशुल्क १८५ डॉलर आहे. मुलाखतीची तारीख मिळायला किती वेळ लागेल हे महिन्यागणिक बदलते, म्हणून हवाईचे काहीही नोंदवण्याआधी पासपोर्टवर शिक्का पडलेला असावा. ‘रद्द केल्यास पैसे परत नाहीत’ अशा स्वस्त तिकिटाच्या मोहात इथेच पडू नये.

भारतातून हवाईला थेट विमान नाही. मुलांकडे आधी मुक्काम करून, झोपेचे घड्याळ जुळल्यावर पश्चिम किनाऱ्यावरून निघणे वयस्करांना सोसते. बिग आयलंडवर उतरायला दोन विमानतळ आहेत. हिलोहून उद्यान सुमारे ४८ किलोमीटर, पाऊण तासावर. कोनाहून दीडशे किलोमीटरहून जास्त, दोन-अडीच तास. तिकीट कोनाचे थोडे स्वस्त दिसले म्हणून घेणाऱ्यांनी हा फरक मोजावा.

उद्यानाचे प्रवेशशुल्क एका खासगी गाडीला ३० डॉलर, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये, आणि ते सात दिवस चालते. रोख घेत नाहीत, कार्ड लागते. २०२६ पासून अमेरिकेने ग्रँड कॅनियन, यलोस्टोन, योसेमिटी अशा ११ गर्दीच्या उद्यानांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आकार लावला आहे. हवाईचे उद्यान त्या अकरांत नाही. मुलांनी ‘नॅशनल पार्क महाग झाले’ म्हणून बेत रद्द करायचे ठरवले असेल तर त्यांना हे सांगा.

गाडी आपण चालवणार असू तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा. तो लातूरच्या किंवा नांदेडच्या आरटीओतूनच मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना सोबत लागतोच. पण खरे सांगायचे तर अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या रस्त्यांवर तीस वर्षे गाडी चालवलेल्या हातांना वळणावर चुकीच्या बाजूला जाण्याची सवय एका दिवसात सुटत नाही. चाक मुलांच्याच हाती राहू द्यावे.

आई-बाबांची तब्येत हा खरा प्रश्न का?

किलाउएयाचा माथा सुमारे १,२०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडा खाली. फोटोत हवाई म्हटले की नारळ आणि समुद्र दिसतो, त्यामुळे लोक सुती कपडे घेऊन जातात. माथ्यावर मात्र धुके, वारा आणि कधीही येणारा पाऊस. ज्वालामुखी बघायची उत्तम वेळ अंधारातली, म्हणजे सर्वात गार. स्वेटर, रेनकोट, टॉर्च आणि पकड असलेले बूट हवेत. चपलेवर लाव्हाच्या खडकावर चालू नये. तो काचेसारखा कापतो.

थंडी अंगावर घालून भागते. हवेचे तसे नाही. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. हवेतल्या ओलाव्याशी आणि उन्हाशी मिसळून त्याचे धुरकट धुके होते. तिथे त्याला ‘व्हॉग’ म्हणतात. दमा, जुनाट खोकला, हृदयविकार असणाऱ्यांना, गरोदर महिलांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास लवकर होतो. वारा कोणत्या दिशेने आहे यावर सगळे अवलंबून. सकाळी स्वच्छ असलेली जागा दुपारी गुदमरवणारी होऊ शकते. उद्यान प्रशासन आणि हवाई राज्य, दोघेही हवेची मोजमापे रोज जाहीर करतात. इनहेलर वापरणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, औषध हातातल्या पिशवीत ठेवावे आणि छातीत जड वाटताच गाडीच्या काचा लावून तिथून निघावे. ‘इतक्या लांब आलोय, थोडे थांबू’ हे वाक्य इथे धोक्याचे आहे.

‘चेन ऑफ क्रेटर्स रोड’ हा उद्यानातला प्रसिद्ध रस्ता. माथ्यावरून समुद्रापर्यंत जवळपास ३० किलोमीटर, आणि तेवढ्यात ११०० मीटर उतार. वाटेत पेट्रोल पंप नाही, खायला-प्यायला काही नाही. खाली टोकाला लाव्हाने गाडलेला जुना रस्ता आहे. टाकी अर्धी तरी भरलेली असावी आणि पाण्याच्या बाटल्या सोबत असाव्यात. एवढ्यावर हा रस्ता वयस्करांना अगदी सोयीचा, कारण बहुतेक गोष्टी गाडीतून उतरून पाच मिनिटांत दिसतात. याच बेटावरच्या माउना केआच्या माथ्यावर मात्र आई-बाबांना नेऊ नका. तो ४,२०७ मीटर उंच आहे आणि समुद्रसपाटीवरून दोन तासांत तिथे पोहोचणे धडधाकट माणसालाही झेपत नाही.

प्रवास विम्याबद्दल एकच गोष्ट : आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. रक्तदाब आणि साखर लपवून घेतलेला विमा अमेरिकेतल्या दवाखान्याच्या दारात निरुपयोगी ठरतो.

ज्वालामुखी अचानक फुटला तर?

किल्लारी आठवणाऱ्या माणसाच्या मनात हा प्रश्न येतोच. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, चारला चार मिनिटे कमी. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. तो नेमका कधी येणार, हे जमिनीने आधी सांगितले नव्हते.

ज्वालामुखी बहुतेक वेळा सांगतो. किलाउएयावर १९१२ पासून वेधशाळा आहे. थॉमस जॅगर या भूशास्त्रज्ञाने ती उभी केली. खडकाखालून लाव्हारस सरकू लागला की छोटे भूकंप वाढतात, जमीन काही सेंटिमीटर फुगते, वायूचे प्रमाण बदलते. हे सगळे यंत्रे टिपत असतात. मे २०१८ मध्ये किलाउएयाच्या पूर्वेकडच्या वस्तीत भेगा पडून लाव्हा बाहेर आला. लेलानी इस्टेट्स आणि आसपासची सातशेवर घरे त्याखाली गेली. ४ मे रोजी ६.९ तीव्रतेचा भूकंपही झाला. उद्यान जवळजवळ साडेचार महिने बंद राहिले. पण त्या लाव्हाने एकही माणूस मेला नाही, कारण वस्ती आधी हलवता आली. घर गेले, माणूस राहिला. लातूरकराला या दोन वाक्यांमधले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच तिथे गेल्यावर एक भान हवे. आपण जे बघायला जातो ते कुणाच्या तरी अंगणातून वाहिले आहे. १९९३ नंतर किल्लारी, सास्तूरच्या ढिगाऱ्यांत कॅमेरे घेऊन फिरणारे लोक गावकऱ्यांना कसे वाटले असतील, ते आठवावे. लाव्हाने गाडलेल्या वस्तीत कुंपण ओलांडून फोटो काढू नयेत. आणि खडक उचलून आणू नये. उद्यानात तो गुन्हा आहे, आणि हवाईयन माणसासाठी ती देवीची वस्तू आहे.

पर्यटकाला धोका होतो तो बहुधा कडेला. विवराच्या कडा ठिसूळ असतात. नव्या लाव्हाचा समुद्रालगतचा भाग अचानक कोसळतो. कारंजे उसळल्यावर वाऱ्याच्या दिशेने काचेचे बारीक तंतू आणि हलके खडे पडतात. त्या तंतूंना ‘पेलेचे केस’ म्हणतात. डोळ्यांत गेले तर वाईट. उद्यानाने दोरी लावली असेल तर तिच्या अलीकडे राहणे, एवढे पाळले तरी पुष्कळ.

आपल्या पायाखालीही लाव्हाच आहे, त्याचे काय?

आहे. मराठवाड्याचा काळा पाषाण, ज्यातून वेरूळ कोरले, तो थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर वाहिला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल विंधनछिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर जाडीचा हा बेसॉल्ट लागला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक. पूर्वेकडे हा थर पातळ होत जातो आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूर-बिलोलीकडची गोल, लालसर धोंड्यांची टेकाडे आणि लातूरकडची काळी सपाट माळराने यांच्यातला फरक तोच. सोयाबीन, तूर, कापूस पिकवणारी काळी माती याच लाव्हाची झीज.

गंमत म्हणजे आपल्या या खडकाचे वर्णन करताना भूशास्त्रज्ञ दोन हवाईयन शब्द वापरतात. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हाला ‘पाहोएहोए’ आणि खडबडीत, धारदार तुकड्यांच्या लाव्हाला ‘आ-आ’. हे दोन प्रकार ओळखायला शिकलेला माणूस हवाईतून परतल्यावर आपल्या विहिरीच्या कडेचा खडकही वेगळ्या नजरेने बघतो.

पण भीतीचे कारण नाही. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. लातूर जिल्ह्यात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात. अशा प्रत्येक वेळी ‘खाली ज्वालामुखी आहे का?’ असे कुणीतरी विचारतेच. खाली तो नाही. दख्खनचा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझला. हे धक्के खडकातल्या जुन्या भेगांवर साठलेला ताण सुटल्याने बसतात.

कॅराव्हॅनचाच हट्ट असेल तर कुठे जावे?

न्यूझीलंड. त्याचे पहिले कारण रस्ता : तिथे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. भारतीय इंग्रजी परवान्यावर पर्यटकाला गाडी चालवता येते आणि साध्या कारच्या परवान्यावर बहुतेक भाड्याची मोटरहोम चालतात. उत्तर बेटावरचे टोंगारिरो हे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १८८७ मध्ये तेथील माओरी प्रमुखाने हे पवित्र डोंगर लोकांसाठी दिले, त्यातून ते उभे राहिले. रुआपेहू, टोंगारिरो आणि नगाउरुहोए हे तीन ज्वालामुखी इथे शेजारी उभे आहेत. ऑकलंडहून गाडीने साडेचार तास. वाकापापा गावात, म्हणजे थेट उद्यानात, मोटरहोमला वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा मिळते. मूळ बेत होता तो नेमका इथे जमतो.

मात्र इथे लाव्हा वाहताना दिसत नाही. रुआपेहूचा शेवटचा मोठा टप्पा १९९५-९६ चा, त्यानंतर २००७ मध्ये एक स्फोट. डोंगर बर्फाचे आणि माथ्यावर विवरातले सरोवर. त्या सरोवराचा बांध फुटून २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री चिखलाचा लोंढा आला, टांगीवाई येथे रेल्वेपूल वाहून गेला आणि गाडीतले १५१ जण मेले. आज त्या वाटेवर इशारा यंत्रणा आहे. ‘टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग’ ही गाजलेली पायवाट १९ किलोमीटरची, सात-आठ तासांची. ती मुलांनी करावी. आई-बाबांसाठी वाकापापातून निघणारी दोन तासांची तारानाकी धबधब्याची वाट पुरे.

वेळेचे गणित उलटे आहे, ते आधी मांडा. आपल्या शाळांना सुटी मे महिन्यात, तेव्हा तिथे थंडी सुरू होते, दिवस लहान होतो आणि डोंगरी रस्त्यांवर बर्फ पडू शकतो. दिवाळीच्या सुटीत वसंत असतो, ती वेळ बरी. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण तेव्हा स्थानिकांचीही सुटी आणि भाडे चढलेले.

आता गाडीबद्दल, जे जाहिरातीत नसते. मोटरहोममध्ये एक पलंग बहुधा ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो, शिडी चढून जायचे. टॉयलेटखाली एक डबा असतो, तो दर एक-दोन दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन रिकामा करून धुवायचा. हे काम ‘कुणीतरी’ येऊन करत नाही. ते कोण करणार, हे निघण्याआधी घरात ठरवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे सार्वजनिक टॉयलेट शोधत फिरतात आणि हजारो रुपये भाड्याची ती सोय बंदच राहते. नव्या नियमानुसार मोकळ्या सार्वजनिक जागी रात्र काढायची तर टॉयलेट गाडीत कायमचे बसवलेले आणि गाडीला तसे प्रमाणपत्र असावे लागते. डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे रस्ता कर असतो, तो भाडे कंपनी शेवटी बिलात लावते. फोडणीचा वास गादीत आठवडाभर राहतो, तेव्हा मिरचीची फोडणी बाहेर, कॅम्पच्या सामाईक स्वयंपाकघरात द्यावी.

आणि विमानतळावरचा फॉर्म. शेंगदाण्याची चटणी, लोणचे, मेतकूट, तूप, जे काही बॅगेत आहे ते सगळे त्यात लिहा. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केलेल्या खाद्यपदार्थाला जागेवर ४०० डॉलर दंड आहे. जाहीर केलेल्याला दंड नाही, फार तर ते काढून घेतील. अमेरिकेतही तोच शहाणपणा. आंबे, कढीपत्ता, बी-बियाणे घरीच ठेवा.

दुसरा पर्याय आइसलँड. तिथेही कॅम्पर गाड्यांचा मोठा व्यवसाय आहे, वात्नायोकुल हे हिमनदी आणि ज्वालामुखींचे अवाढव्य राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यातल्या स्काफ्ताफेल येथे गाडी लावून राहता येते. रात्री मात्र ठरलेल्या कॅम्पवरच थांबायचे, रस्त्याकडेला नाही. ऋतू जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुटीच्या शेपटाला जेमतेम जुळणारा. वारा इतका की गाडीचे दार उघडताना उलटे वळते आणि तो खर्च विम्यात सहसा धरत नाहीत. राख-वाळूचा विमा वेगळा. डोंगरातल्या ‘एफ’ रस्त्यांवर फोर-व्हील गाडीच लागते. तिथल्या ग्रिंडाविक गावाजवळ डिसेंबर २०२३ पासून वारंवार उद्रेक झाले, गाव त्याआधीच नोव्हेंबरमध्ये रिकामे करावे लागले होते. पैशाच्या दृष्टीने तिन्हींत आइसलँड सर्वात जड जाईल, असे आमचे मत.

निघण्याआधी काय तपासावे?

हवाईचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. नांदेडला सकाळचे आठ वाजले की तिथे आदल्या दिवसाचे दुपारचे साडेचार. अमेरिकेचा भूशास्त्र विभाग किलाउएयाची रोजची खबर तिथल्या सकाळी नऊच्या सुमारास देतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा. यूट्यूबवर विवराचे थेट चित्रणही चालू असते. ज्यांना व्हिसा, विमान यांपैकी काहीच नको, त्यांनी लातुरात गच्चीवर बसून कारंजे बघितले तरी फार काही हुकत नाही, फक्त वास येत नाही.

आणि कॅराव्हॅनमध्ये आपल्याला झोप लागते का, हे कळायला परदेश गाठायची गरज नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. एखादी गाडी दोन दिवसांसाठी ठरवून लोणारला जाऊन या. ते विवर ज्वालामुखीचे नाही, उल्का आदळून पडलेले आहे, पण ज्यात पडले तो खडक आपलाच थिजलेला लाव्हा. सरोवर नोव्हेंबर २०२० पासून रामसर यादीत आहे आणि भोवती अभयारण्य, त्यामुळे गाडी विवराच्या कडेला लावून राहता येत नाही. तिथे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. आवारात रात्री गाडी लावू देतील का आणि वीज जोडून मिळेल का, हे फोन करून विचारून मगच निघा. बाबांचे गुडघे शिडी चढतात का, आईला रात्री टॉयलेटचे दार अंधारात सापडते का आणि पाण्याची टाकी किती आंघोळींत संपते, हे एका रात्रीत कळते.